स्वतःचा मल्टिप्लेअर मॅप बनवायचाय? आधी सेकंद मोजा

काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पायाखालचा ‘डस्ट २’ हा मॅप, म्हणजे खेळाचं मैदान, २००१ सालचा. डेव्ह जॉन्स्टन या किशोरवयीन ब्रिटिश चाहत्याने तो लेव्हल एडिटरमध्ये, म्हणजे मॅप रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवला. काउंटर-स्ट्राइकही मुळात १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवर चाहत्यांनी रचलेला मॉड होता. ‘वॉरक्राफ्ट ३’ २००२ मध्ये आला, त्याच्यासोबतच्या वर्ल्ड एडिटरमधून ‘डोटा’ उभा राहिला आणि पुढे त्यातून गेमचा एक अख्खा प्रकार निघाला. २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ नव्या हॅमर एडिटरसह आला. त्याच वर्षी ‘फोर्टनाइट’च्या चाहत्यांनाही अनरिअल या इंजिनचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, एडिटर वापरायला मिळाला. म्हणजे ज्या अवजारांनी कंपन्या मॅप बनवतात, ती आज खेळणाऱ्याच्या हातात आहेत.

तरीही बहुतेक जण एडिटर एकदा उघडतात आणि बंद करतात. शेकडो तास खेळलेल्या माणसालाही समोरची रिकामी जाळी पाहून कळत नाही, की सुरुवात कुठून करायची. मग तो एक भिंत उभी करतो, तिच्यावर विटांचं चित्र लावतो, खिडकी कोरतो, खिडकीत कुंडी ठेवतो. दोन आठवड्यांनी एक देखणी खोली तयार असते, पण तिच्यात दहा जण खेळू शकत नाहीत.

मल्टिप्लेअर मॅपमध्ये खरी रचना वेळेची आणि नजरेची असते. कोण कुठे किती सेकंदांत पोहोचेल आणि पोहोचल्यावर त्याला काय दिसेल, एवढं ठरलं की भिंती कुठे हव्यात ते त्यातूनच निघतं. हा लेख त्याच क्रमाने जातो. आकडे काउंटर-स्ट्राइकचे घेतलेत, कारण त्याची मापं पक्की आणि सर्वांना तपासता येण्याजोगी आहेत. तुमचा गेम वेगळा असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

एडिटर उघडल्यावर काय दिसतं?

हॅमरसारख्या जुन्या घराण्यातल्या एडिटरमध्ये चार चौकटी दिसतात. एक त्रिमितीय कॅमेऱ्याची आणि उरलेल्या तीन वरून, समोरून आणि बाजूने पाहणाऱ्या सपाट चौकटी. अनरिअलमध्ये सुरुवातीला एकच मोठी चौकट असते, पण सपाट दृश्यं तिथेही मिळतात आणि ती वापरायचीच. त्रिमितीय चौकटीत जुळलेली वाटणारी भिंत वरून पाहिल्यावर दोन युनिट (एडिटरमधलं लांबीचं माप) सरकलेली सापडते.

मोजके शब्द इथेच समजून घेऊ. ब्रश म्हणजे भिंत, जमीन, छत यांसाठी वापरायचा घन ठोकळा. प्रॉप म्हणजे आधीच तयार असलेली वस्तू: पिंप, गाडी, झाड. एंटिटी म्हणजे ज्याला काही काम नेमून दिलंय असं काहीही: दिवा, दरवाजा, खेळाडू अवतरण्याची जागा. आणि ग्रिड म्हणजे मागची जाळी, जिच्या रेषांना ठोकळ्यांच्या कडा आपोआप चिकटतात.

ग्रिडच्या बाबतीत एकच शिस्त पाळा. मोठ्या आकड्यावर सुरुवात करायची आणि गरज पडेल तेव्हाच लहान आकड्यावर यायचं. इमारतींचे सांगाडे ६४ च्या ग्रिडवर, दारं-खिडक्या १६ वर, चौकटी आणि कठडे ८ किंवा ४ वर. पहिल्याच दिवशी १ च्या ग्रिडवर काम केलं, तर ठोकळ्यांमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या फटी राहतात. त्या फटींचा त्रास पुढे मॅप कंपाइल करताना, म्हणजे त्याची खेळण्याजोगी फाइल बनवताना, उगवतो. कडा जुळत नाहीत म्हणून ग्रिडचं चिकटणं बंद करण्याचा मोह होतो. तिथे थांबा आणि कुठला ठोकळा ग्रिडवरून सरकलाय तो शोधा.

आधी माप, मग भिंत

सोर्स इंजिनवरच्या काउंटर-स्ट्राइकमध्ये उभा खेळाडू ३२ युनिट रुंद आणि ७२ युनिट उंच असतो. त्याचे डोळे ६४ युनिटवर असतात. १८ युनिटपर्यंतची पायरी तो न उडी मारता चढतो. साध्या उडीत तो साधारण ५६ युनिट उंचीवर पोहोचतो, उडी मारताना पाय आखडून घेतले तर ६४ वर. ४५ अंशांहून जरा जास्त उतार झाला की पाय टिकत नाहीत, तो घसरतो.

मॅपमधल्या जवळपास प्रत्येक वस्तूचं माप या सहा-सात आकड्यांवरून ठरतं. खोक्याचंच पाहा. ४८ युनिटच्या खोक्यामागे उभा राहिलेला माणूस वरून पाहू शकतो, गोळी झाडू शकतो, पण त्याचं डोकं उघडं असतं. ६४ युनिटच्या खोक्यावर चढायला पाय आखडून मारलेली उडी लागते, म्हणजे सराव असलेल्यालाच तो पटकन चढता येतो. ७२ पेक्षा उंच खोकं खेळाडूला पूर्ण झाकतं. ६० युनिटचं खोकं मात्र टाळा: डोळे जेमतेम कडेवर येतात, बाहेरच्याला कपाळाची एक पट्टी दिसते आणि आतल्याला जवळची जमीन दिसत नाही. दोघांनाही वाटतं की अन्याय झाला. कव्हर, म्हणजे आडोसा, असेल तर ते स्पष्ट असावं. इथे डोकं दिसणार की नाही, हे लांबूनच कळायला हवं.

दाराचंही तसंच. ३२ युनिट रुंदीच्या फटीतून ३२ युनिटचा माणूस जाताना अडखळतो. एकट्यासाठी ६४ ठेवा. जिथून दोन सहकारी एकमेकांना ओलांडतील तिथे निदान ९६, आणि मुख्य वाटेवर १२८ किंवा जास्त. नव्या मॅपकाराचे बोळ हमखास अरुंद होतात, कारण एडिटरमधला कॅमेरा कुठेही अडत नाही आणि बोळ ऐसपैस भासतो. खेळाडूच्या आकाराचा एक ठोकळा करून सतत शेजारी ठेवला की ही फसगत टळते.

जिन्याच्या प्रत्येक पायरीला ८ युनिट उंची आणि १२ युनिट खोली दिली की चढणं सोपं राहतं. तरी प्रत्येक पायरीवर कॅमेरा हलका हिसका खातो आणि नेम ढळतो. म्हणून जिन्यावर एक अदृश्य, तिरका क्लिप ब्रश अंथरतात. खेळाडू प्रत्यक्षात त्या उतारावरून चालतो, डोळ्यांना पायऱ्या दिसतात. भिंतीतून बाहेर आलेल्या चौकटी, दिव्यांचे खांब, पाइप यांच्यावरही असाच क्लिप चढवा, नाहीतर मागे मागे सरकणारा खेळाडू त्यांना अडकून मरतो. हे काम कंटाळवाणं असतं आणि ते नीट झालंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही, पण मॅप ‘गुळगुळीत’ वाटतो तो यामुळेच.

अंतर सेकंदांत मोजायचं

हातात चाकू असताना खेळाडू सेकंदाला २५० युनिट धावतो. एके-४७ हातात असेल तर २१५, एम४ए४ असेल तर २२५, एडब्ल्यूपी असेल तर २००. म्हणजे २,५०० युनिटची वाट चाकूने १० सेकंदांची, एके-४७ ने ११.६ सेकंदांची.

काउंटर-स्ट्राइकमध्ये हल्लेखोरांचा संघ दोनपैकी एका ठरलेल्या जागी बॉम्ब लावतो आणि बचाव करणारा संघ ते रोखतो किंवा बॉम्ब निकामी करतो. समजा हल्लेखोरांच्या सुरुवातीच्या जागेपासून बॉम्बच्या जागेपर्यंत ३,७५० युनिट आहेत आणि बचाव करणाऱ्यांना २,५०० युनिट जायचंय. चाकू हातात घेऊन धावले तर हल्लेखोर १५ सेकंदांत येतात, बचाववाले १० मध्ये. मधल्या पाच सेकंदांत बचाववाले जागा घेतात, बंदूक उपसतात, कोन धरतात, म्हणजे एका कोपऱ्यावर नेम लावून थांबतात. हा फरक शून्यावर आणला तर दोघे उघड्यावर धावता धावता भिडतात आणि जागेचा फायदा कोणालाच मिळत नाही. फरक दहा सेकंदांचा केला तर बचाववाले पुढे सरकून हल्लेखोरांच्या दारातच उभे राहतात. दोन ते पाच सेकंदांच्या आत तो ठेवणं मला योग्य वाटतं. कुठल्या वाटेवर किती, हे मात्र खेळवूनच ठरतं.

दुसरं गणित बॉम्ब लागल्यानंतरचं, आणि तेच बहुतेक जण विसरतात. स्पर्धात्मक काउंटर-स्ट्राइकमध्ये बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो. तो निकामी करायला किटशिवाय, म्हणजे त्यासाठीच्या साहित्याशिवाय, १० सेकंद लागतात, किट असेल तर ५. म्हणजे किट नसलेल्याला लागल्यापासून ३० सेकंदांच्या आत बॉम्बला हात लावलाच पाहिजे. आता दुसऱ्या जागेवरून तिथे यायला २२ सेकंद लागत असतील, तर प्रत्यक्ष झुंजायला उरतात ८. एवढ्यात तीन जणांना हटवणं जवळजवळ अशक्य. असा मॅप कागदावर ठीक दिसतो आणि खेळताना बचाववाले दर वेळी बंदुका वाचवून पळ काढतात. दोन जागांमधली बचाववाल्यांची वाट १० ते १३ सेकंदांची केली की तीच फेरी शेवटपर्यंत लढली जाते.

म्हणून पहिला नकाशा कागदावरच काढा. चौकोन म्हणजे जागा, रेघ म्हणजे वाट आणि प्रत्येक रेघेवर सेकंद. त्यावर हल्लेखोर आणि बचाववाले पहिल्यांदा कुठे भिडतील त्या ठिकाणी फुली मारा. फुल्या मोकळ्या मैदानात पडत असतील तर वाटा लांबवा किंवा आखडा. फुली एखाद्या दाराशी, कमानीपाशी, अरुंद बोळाच्या तोंडाशी पडायला हवी. याच अरुंद जागेला चोक पॉइंट म्हणतात. प्रत्येक चोकला निदान एक वळसा ठेवा, म्हणजे एकाने दार धरलं तर इतरांना दुसरा रस्ता असेल. ‘डस्ट २’ इतकी वर्षं टिकला त्यामागे ही साधी, तीन वाटांची आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या भागाची आखणी आहे.

कोपऱ्यावर आधी कोण कोणाला पाहतो?

दोन खेळाडू एकाच कोपऱ्याच्या दोन बाजूंना आहेत. एक कोपऱ्यापासून ५० युनिटवर, दुसरा ५०० युनिटवर. पहिला हळूहळू बाहेर सरकतो. दोघांना एकमेक एकाच क्षणी दिसतील असं वाटतं, पण तसं होत नाही. डोळे शरीराच्या मधोमध असतात आणि खांदे त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १६ युनिट. जवळच्याचा खांदा बाहेर येताच लांबच्याला तो दिसतो. त्याच क्षणी जवळच्याच्या डोळ्यांपासून कोपऱ्याला टेकून जाणारी रेषा मात्र लांबच्यापासून अजून १६० युनिट दूर असते, कारण अंतर दहापट आहे. लांबच्याचा खांदा दिसायला त्याला अजून चौदाएक युनिट बाहेर यावं लागतं. धावण्याच्या वेगाने हे सेकंदाचा पंधरावा भाग होतं, आणि तेवढ्यात पहिली गोळी सुटते.

म्हणजे कोपऱ्याला चिकटून उभा राहणारा तोट्यात असतो. मॅपकाराने बचावाची सगळी खोकी दाराला लागून ठेवली, तर कागदावर भक्कम दिसणारी ती जागा प्रत्यक्षात सापळा ठरते. मागे ४००–६०० युनिटवर एक चांगलं कव्हर द्या.

मल्टिप्लेअरमध्ये यावर नेटवर्कचा थर चढतो. बाहेर झेपावणाऱ्याला स्थिर उभा असलेला माणूस लगेच दिसतो, कारण त्याची जागा आधीच त्याच्या कॉम्प्युटरला माहीत असते. उलट स्थिर असलेल्याला झेपावणाऱ्याची बातमी सर्व्हरमार्फत उशिरा पोहोचते. हा उशीर १०० मिलिसेकंद धरला, तर एके-४७ घेतलेला माणूस तेवढ्यात साडेएकवीस युनिट सरकलेला असतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या दोन तृतीयांश. सगळीकडे जवळजवळचे कोपरेच असतील तर प्रत्येक चकमक झेपावणाऱ्याच्या बाजूने झुकते. इंटरनेटचा वेग मॅपकाराच्या हातात नाही, कोपऱ्यांमधलं अंतर आहे.

लांब सरळ रेषेत दिसणाऱ्या टप्प्याला साइटलाइन म्हणतात. एका जागेवर उभ्या खेळाडूला एकाच वेळी किती दिशा सांभाळाव्या लागतात ते मोजा. एक असेल तर ती जागा फार सोपी, दोन असतील तर रस येतो, तीन जमतात. चार किंवा जास्त झाल्या की मेलेल्या माणसाला आपण कुठून मेलो हेच कळत नाही, आणि असा मॅप लोक दुसऱ्यांदा उघडत नाहीत.

मग दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या केल्या तर?

झेंडा पळवण्यासारख्या प्रकारात, जिथे दोन्ही संघांचं काम एकच असतं, तिथे सारखेपणा हवाच. पण कुठल्या प्रकारचा, हा प्रश्न आहे. आरशातल्यासारखा मॅप केला, तर एका संघाला जे वळण उजवीकडे तेच दुसऱ्याला डावीकडे येतं. ज्या गेममध्ये कॅमेरा पात्राच्या उजव्या खांद्यामागे असतो, तिथे कव्हरच्या उजव्या कडेने डोकावणं सोपं आणि डाव्या कडेने अवघड असतं. म्हणजे आरशाने एका संघाला सोपे कोपरे आणि दुसऱ्याला अवघड कोपरे वाटून दिले. त्याऐवजी अर्धा मॅप बनवून त्याची प्रत मध्यबिंदूभोवती १८० अंशांत फिरवा. मग डावं-उजवं दोघांनाही तेच मिळतं.

फिरवलेल्या मॅपमध्ये दिशा हरवतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय रंगाचा आणि उंच खुणांचा: एका बाजूला निळी छटा आणि मनोरा, दुसरीकडे तांबडी छटा आणि टाकी. मापं सारखी, चेहरे वेगळे.

बॉम्बच्या प्रकारात दोन संघांची कामंच वेगळी असतात, त्यामुळे तिथे आकार सारखे करून काही साधत नाही. तिथला समतोल वर सांगितलेल्या सेकंदांच्या हिशोबातून येतो.

राखाडी ठोकळ्यांतच आधी खेळून का पाहायचं?

सजावटीआधीच्या साध्या ठोकळ्यांच्या मॅपला ब्लॉकआउट म्हणतात. एडिटरसोबत चौकड्यांची राखाडी किंवा केशरी टेक्श्चरं, म्हणजे पृष्ठभागावर लावायची चित्रं, मिळतात, ती यासाठीच असतात. चौकडीचं माप ठरलेलं असल्यामुळे भिंत किती उंच ते बघूनच कळतं.

सुंदर केल्याशिवाय लोक खेळणार नाहीत असं पुष्कळांना वाटतं. पण पहिल्या चाचणीत एक वाट हमखास चुकीची निघते. ती ब्लॉकआउटमध्ये असेल तर सहा ठोकळे सरकवून दहा मिनिटांत दुरुस्त होते. सजवलेली असेल तर प्रॉप, दिवे, क्लिप, चिकटवलेली चित्रं असं सगळं उचलावं लागतं, आणि मेहनत वाया जाईल म्हणून मॅपकार चूक तशीच ठेवतो. सजवलेले किती तरी मॅप या एका कारणाने अर्धवट पडून राहतात.

ब्लॉकआउटमध्ये एवढंच हवं: भिंती, जमीन, महत्त्वाची खोकी, आकाश, एक सूर्यप्रकाश आणि खेळ चालण्यापुरत्या एंटिटी. आधी एकट्याने सर्व्हरवर चढा आणि घड्याळ लावून प्रत्येक वाट धावा. कागदावरचे सेकंद आणि प्रत्यक्षातले सेकंद शेजारी लिहा. वळणं, दारं आणि उड्यांमुळे प्रत्यक्ष वेळ थोडा जास्तच येतो.

खेळ सुरू होण्यासाठी काय काय ठेवावं लागतं?

इथे कोड लिहावा लागत नाही. बॉम्बच्या मॅपला लागतात दोन्ही संघांचे स्पॉन पॉइंट, म्हणजे अवतरण्याच्या जागा, शस्त्रं विकत घेण्याचा भाग आणि बॉम्ब लावण्याचा भाग. शेवटचे दोन म्हणजे अदृश्य ठोकळे, ज्यांना तसं काम नेमून दिलेलं असतं. ठोकळ्याचा आकार तेवढीच हद्द. जमिनीवरची रंगीत पट्टी आणि ठोकळ्याची कड जुळली नाही, तर खेळाडू पट्टीच्या आत उभा असूनही बॉम्ब लागत नाही.

स्पॉन पॉइंट खेळाडूंच्या संख्येइतके तरी हवेतच, चार-पाच जास्त असले तर चांगलं. दोन पॉइंटांमध्ये निदान ६४ युनिट सोडा आणि प्रत्येक पॉइंट जमिनीपासून किंचित वर ठेवा. तो जमिनीत किंवा भिंतीत रुतला असेल तर खेळाडू अवतरताच अडकतो. अनरिअलमध्ये अशा रुतलेल्या पॉइंटवर ‘बॅड साइझ’ अशी खूण उमटते. बाणाची दिशाही पाहा: खेळाडू भिंतीकडे तोंड करून अवतरला तर त्याचं पहिलं अर्धं सेकंद वळण्यात जातं. आणखी एक बाब फार कमी जण तपासतात. एकाच संघातला सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा पॉइंट यांच्यात ५०० युनिट असतील, तर दोघांत दोन सेकंदांचा फरक पडतो, आणि मघाशी काळजीपूर्वक मोजलेला हिशोब इथे विस्कटतो.

कंपाइल केल्यावर मॅपमधून लाल रेष का जाते?

एडिटरमधली फाइल थेट खेळता येत नाही, ती आधी शिजवावी लागते. यालाच कंपाइल म्हणतात. जुन्या सोर्स इंजिनमध्ये याचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा जागेचे तुकडे पाडतो. दुसरा, कुठल्या तुकड्यातून कुठला तुकडा दिसू शकतो याची यादी करतो. तिसरा प्रकाश मोजून भिंतींवर कायमचा रंगवतो.

दुसरा टप्पा नीट कळला की निम्म्या अडचणी सुटतात. घरात एका खोलीत बसलेल्या माणसाला दारातून शेजारची खोली दिसते, तिच्या दारातून तिसऱ्या खोलीचा एक कोपरा, आणि मागच्या खोल्या अजिबात दिसत नाहीत. इंजिन हेच आधी मोजून ठेवतं, आणि तुम्ही पहिल्या खोलीत असताना मागच्या खोल्या काढण्याचे कष्टच घेत नाही. हे जमण्यासाठी मॅप चहूबाजूंनी घन ठोकळ्यांनी बंद असावा लागतो. कुठे फट राहिली तर आतली जागा बाहेरच्या पोकळीशी जोडली जाते. याला लीक म्हणतात. मग दिसण्याची यादी होतच नाही, सगळा मॅप सगळीकडून काढला जातो आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, कोसळतो. प्रकाशही बिघडतो.

ती लाल रेष हा दोष दाखवण्यासाठीच असते. कंपाइलनंतर बनलेली पॉइंट फाइल एडिटरमध्ये उघडली की एखाद्या एंटिटीपासून बाहेरच्या पोकळीपर्यंत रेष निघते. ती ज्या ठिकाणी भिंत ओलांडते तिथे फट असते. फट दिसत नसेल तर दोन शक्यता तपासा. एक म्हणजे ती भिंत साधा ब्रश नसून प्रॉप, डिटेल ब्रश (बारीक सजावटीचा ठोकळा) किंवा उंचसखल जमिनीसाठी वापरतात ते डिस्प्लेसमेंट असेल. यांपैकी काहीही मॅप बंद करत नाही, त्यांच्यामागे साधा ब्रश हवाच. दुसरं म्हणजे एखादी एंटिटी चुकून मॅपच्या बाहेर पडलेली असेल.

अख्ख्या मॅपभोवती आकाशाची एक मोठी पेटी घातली की लीक जाते, असा सल्ला सर्रास मिळतो. तो पाळू नका. लीक दिसेनाशी होते, पण इमारतींच्या मागच्या बाजू, छपरांचे माथे, बाहेरची रिकामी जागा हे सगळं आता ‘आत’ धरलं जातं. कंपाइलला कितीतरी पट वेळ लागतो आणि फ्रेम रेट तरीही पडलेलाच राहतो. फट शोधून बुजवा.

अनरिअलमध्ये कशामागे काय झाकलं गेलंय हे खेळ चालू असतानाच ठरतं, आणि काउंटर-स्ट्राइक २ च्या हॅमरमध्येही अशी बंदिस्त पेटी करण्याची सक्ती राहिलेली नाही. पण मोठी उघडी मैदानं तिथेही महागच पडतात, कारण जे दिसतं ते काढावंच लागतं. लांब बोळाला मध्ये एक वळण दिलं, तर साइटलाइन आणि फ्रेम रेट दोन्ही एकदम सुधारतात.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: जुन्या सोर्समध्ये सावलीचा एक ठिपका मुळात १६ युनिटचा असतो. तो ८ केला की सावली रेखीव होते, पण माहिती चौपट होते. जिथे नजर खिळते अशा मोजक्या पृष्ठभागांवरच हे करा. आणि खेळाडू जिथे उभे राहतात तिथली पार्श्वभूमी उजळ ठेवा. अंधारा कोपरा वातावरण देतो खरा, पण त्यात लपलेला माणूस दिसत नसेल तर तो कोपरा खेळ खराब करतो.

“माझ्या मशीनवर तर नीट चालतो!”

एकट्याने चालवताना तुमचाच कॉम्प्युटर सर्व्हर असतो, आणि लागणारी प्रत्येक फाइल तिथे असतेच. दुसऱ्याच्या मशीनवर तुम्ही स्वतः घातलेली टेक्श्चरं नसतील, तर सोर्समध्ये त्याला त्या जागी जांभळ्या-काळ्या चौकड्या दिसतात आणि मॉडेलच्या जागी लाल अक्षरांत ‘एरर’. उपाय म्हणजे त्या सर्व फाइली मॅपच्या फाइलमध्येच बांधून देणं. बांधल्यानंतर खात्री करायला मॅप अशा कॉम्प्युटरवर चालवा, जिथे एडिटर कधी बसवलेलाच नव्हता.

दुसरं कारण हलणाऱ्या वस्तूंचं. लाथेने उडणारं एक पिंप हलत असताना ते कुठे आहे हे सर्व्हरला प्रत्येक खेळाडूला सतत कळवत राहावं लागतं. अशी दोनशे पिंपं एकट्याने खेळताना मजेदार वाटतात, वीस जणांच्या सर्व्हरवर ती खेळ अडखळवतात. शिवाय वाटेत पडलेलं पिंप एकाला आडोसा देतं आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर क्षणभर वेगळीकडे असतं. म्हणून जे हललंच पाहिजे असं नाही, ते स्थिर प्रॉप करा. सोर्समध्ये एका वेळी २,०४८ एंटिटींची मर्यादा असते. तिच्यात खेळाडू, शस्त्रं, फेकलेले बॉम्ब हे सगळं येतं, स्थिर प्रॉप येत नाहीत. मर्यादा ओलांडली की सर्व्हर बंद पडतो, आणि तेही खेळ ऐन भरात असताना.

भिंत चालताना लुकलुकत असेल, तर दोन पृष्ठभाग अगदी एकाच प्रतलावर आहेत आणि आधी कुठला काढायचा हे इंजिनला ठरवता येत नाही. एकाला एक युनिट पुढे आणा किंवा खालचा काढून टाका.

बॉट आहेत, मग माणसं कशाला?

बॉट, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः चालवतो ते खेळाडू, सुरुवातीला उपयोगी असतात. ते नॅव्ह मेशवरून चालतात, म्हणजे चालता येण्याजोग्या जमिनीचा एक अदृश्य आराखडा असतो त्यावरून. बहुतेक एडिटर किंवा गेम तो आपोआप बनवतात. अनरिअलमध्ये तो हिरव्या रंगात पाहताही येतो. हिरवा रंग एखाद्या दारात तुटलेला दिसला, तर ते दार अरुंद आहे किंवा उंबरा उंच आहे. माणसालाही तिथे अडखळायला होत असणार.

पण बॉट चलाखी करत नाहीत. छपरावर चढायची वाट शोधणं, दोन खोक्यांच्या फटीतून पार पलीकडे पाहणं, मॅपच्या बाहेर पडणं हे माणसंच करतात. म्हणून चाचणीला येणाऱ्यांतल्या दोघांना फक्त मोडतोडीचं काम द्या: प्रत्येक भिंतीला घासून चाला, प्रत्येक कडेवर उडी मारा, एकमेकांच्या डोक्यावर चढून पाहा. जिथे पोहोचायला नको तिथे ते पोहोचले, की तिथे क्लिप.

बाकीच्यांना खेळू द्या आणि तुम्ही प्रेक्षक व्हा. खेळाडूंच्या हालचालीतून जे कळतं ते त्यांच्या बोलण्यातून कळत नाही. कोण कुठे मरतो त्या जागी मॅपच्या चित्रावर ठिपके मारा. ठिपके एकाच बोळात साठले तर इतर वाटा कोणाला हव्याशा वाटत नाहीत. नवखा खेळाडू पहिल्या फेरीत बॉम्बच्या जागेपर्यंत न विचारता पोहोचला का, हेही पाहा. नाही पोहोचला तर दिशा सांगणाऱ्या खुणा कमी आहेत. मॅप समजावून सांगण्याचा मोह आवरा, कारण उद्या सर्व्हरवर शेजारी बसून सांगायला तुम्ही नसाल.

दहा माणसं जमत नसतील तर दोघांनीही बरंच काम होतं. एक कोन धरतो, दुसरा त्याच कोपऱ्यातून पुन्हा पुन्हा येतो, मग दोघे जागा बदलतात. कोपऱ्याच्या कुठल्या बाजूचा माणूस दर वेळी मरतो, ते लगेच उघड होतं.

नावात आवृत्ती का लिहायची?

प्रत्येक चाचणीनंतर मॅप बदलतो, पण फाइलचं नाव तेच ठेवलं तर गोंधळ होतो. सोर्सच्या गेममध्ये खेळाडूकडे त्याच नावाची जुनी फाइल असेल, तर तुमचा मॅप सर्व्हरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे असा संदेश येतो आणि त्याला आत घेतलंच जात नाही. त्यामुळे चाचणीच्या प्रत्येक मॅपला वेगळं नाव द्या. मॅपकारांत रूढ असलेली पद्धत सोपी आहे: ब्लॉकआउटच्या आवृत्त्यांना ए१, ए२, सजावट सुरू झाली की बी१, बी२, आणि फक्त बारीक दुरुस्त्या उरल्या की आरसी१. एडिटरची मूळ फाइलही प्रत्येक आवृत्तीची वेगळी जपून ठेवा. कंपाइल झालेल्या फाइलमधून मूळ ठोकळे धड परत मिळत नाहीत, आणि बी४ मध्ये बिघडलेली वाट ए३ मध्ये कशी होती हे पाहण्याची वेळ हमखास येते.